लॅमिंग्टन रोडचा पोटमाळा

सकाळी ८.४०. नालासोपारा, जून २०२४. विरार फास्ट भरूनच येते. तो सॅक पोटाशी धरून आत घुसतो. सॅकमध्ये डबा, रेनकोट आणि चेनचं एक लहान पाऊच. पाऊचमध्ये चुंबकी टोकाचे दोन स्क्रूड्रायव्हर, चिमटा, रंगाचा ब्रश, थर्मल पेस्टची ट्यूब, मूठभर स्क्रू. हत्यारं दुकानातही आहेत, पण हे पाऊच रोज घरी जातं. "दुकानातला ड्रायव्हर चार हातांत फिरतो आणि टोक झिजून परत येतो," तो सांगतो. वय चाळिशीच्या आतलं, मूळ गाव चिपळूणकडचं. २००९ साली तो लॅमिंग्टन रोडच्या बाजारात आला तो खोकी उचलायला, महिना साडेतीन हजारांवर. आता कॉम्प्युटर जोडतो. पगार चोवीस हजार, वर जोडलेल्या प्रत्येक मशीनमागे दीडशे.

९.५५. मुंबई सेंट्रल. फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबत नाही, म्हणून इथं उतरून पायी. रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडात लॅमिंग्टन रोड. एकेकाळी हा सिनेमाचा रस्ता होता. 'शोले' पाच वर्षं मुक्काम ठोकून होता तो इथल्याच मिनर्व्हात. आता त्याच फुटपाथवर केबल, चार्जर, रिमोट, सीसीटीव्ही कॅमेरे. कॉम्प्युटरची दुकानं आतल्या गाळ्यांत. पाऊस बारीक आहे. कटिंग बारा रुपये. तो उभ्याउभ्या पितो.

१०.२०. शटर वर जातं. दुकान रुंदीला दोन माणसं हात पसरतील एवढं. मागं लोखंडी शिडी, वर पोटमाळा. तिथं त्याचं टेबल. मी ताठ उभा राहिलो तर डोकं छताला लागतं. तोही दिवसभर किंचित वाकूनच असतो. टेबलावर रबरी मॅट, वर एलईडीची पट्टी, कोपऱ्यात ब्लोअर. पहिलं काम दुरुस्तीचं. चालता चालता बंद पडणारं मशीन. तो कॅबिनेट उघडतो, प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीची गादी बसलेली. शिडीवरून खाली नेऊन, फुटपाथच्या कडेला ब्लोअर मारून आणतो. जुनी पेस्ट पुसतो, नवी लावतो. वीस मिनिटं. बिल तीनशे.

११.१५. बापलेक येतात. पहाटेच्या एसटीनं महाडकडून निघालेले. वडिलांची, म्हणजे काकांची, पिठाची गिरणी आहे. मुलगी बारावी झालेली, तालुक्याच्या गावी ॲनिमेशनचा वर्षाचा कोर्स धरलाय. वर्गात मशीन आहेत, पण दिवसाला दीड तासच मिळतं. घरी सरावाला कॉम्प्युटर हवा. काकांच्या खिशात बँकेच्या पाकिटात सत्तर हजार. मुलीच्या हातात कागद. क्लासमधल्या कुणीतरी लिहून दिलेली यादी आहे. महागडा गेमिंग लॅपटॉप, किंमत एक लाख दहा हजार.

शेठ यादी बघतात आणि त्यांना वर पोटमाळ्यावर पाठवतात. लॅपटॉपही इथं मिळतात. शेठनी तिथल्या तिथं एक समोर ठेवला असता तर विकला गेला असता. पण नेमकं काय हवं हे ज्याला कळत नाही ते गिऱ्हाईक वर पाठवायचं, ही या दुकानाची रीत.

"रोज घेऊन जायचंय का कुठं?" तो पहिलं विचारतो.

"नाही. घरीच," मुलगी म्हणते.

"मग लॅपटॉप कशाला, ताई? तेवढ्याच पैशात डेस्कटॉपमध्ये जास्त ताकद बसते. तापतं कमी. आणि दोन वर्षांनी एकच भाग बदलता येतो."

काका मधेच विचारतात, "वॅट किती खाणार?" गिरणीवाल्याचा प्रश्न. तो खुश होतो. सांगतो, पूर्ण जोरात असताना तीनशेच्या आसपास, मॉनिटर धरून थोडं वर. काका मान हलवतात. त्यांच्या मोटारीपुढं हे काहीच नाही.

११.४५. मुलगी पेन ड्राइव्ह काढते. मामेभावाच्या लॅपटॉपवर ब्लेंडर हा थ्रीडी प्रोग्रॅम शिकली आहे, त्यातलीच फाइल. पोटमाळ्यावर एक मशीन दाखवायला कायम जोडून ठेवलेलं असतं. त्यावर फाइल उघडते. स्क्रीनवर त्यांचीच गिरणी: चाडी, खालचा डबा, मागं मोटार, पट्टा. खिडकीतून ऊन येतंय आणि उन्हात पिठाचा धुरळा. काका पुढं वाकून बघतात.

"मोटारची पुली एवढी मोठी नसते. लहान कर. नाहीतर दगड फार जोरात फिरेल."

मुलगी तिथल्या तिथं पुली लहान करते. बघण्यासारखे आहेत ते तिचे हात. उजवा माउसवर. चाक दाबून ती गिरणीभोवती फिरते, चाक फिरवून जवळ जाते. डावा हात एस दाबतो, पुली आक्रसते. मग उजवा हात क्षणभर माउस सोडून आकड्यांच्या कळांवर. सात दाबलं की वरून दिसतं, एक दाबलं की समोरून, तीन दाबलं की बाजूनं. तो माझ्याकडे बघून म्हणतो, "हिला नंबरपॅडवाला कीबोर्ड लागणार. छोटा देऊन चालणार नाही." यादीत कीबोर्डचा शब्दही नव्हता.

१२.१०. आता रेंडर. थ्रीडीत तयार केलेल्या देखाव्यावर प्रकाश कुठून येतो, कशावर आपटतो, किती उरतो, याचा हिशेब करून यंत्र एक चित्र काढतं. ऊन धुरळ्यातून जात असेल तर हिशेब फारच वाढतो. मामेभावाच्या लॅपटॉपवर हे एक चित्र यायला पाऊण तास लागला होता. इथल्या मशीनमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. ती बटण दाबते. चौकोन भरत जातो. दोन मिनिटांना थोडी कमी.

ॲनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस चित्रं. तो टेबलावरच्या खोक्यावर पेननं लिहितो. पाऊण तासानं एक, तर एका सेकंदाच्या हालचालीला अठरा तास. दोन मिनिटांनी एक, तर अठ्ठेचाळीस मिनिटं. काका आकड्यांकडे बघत राहतात.

"म्हणजे दळण लावून बाहेरची कामं उरकायची."

"बरोबर. पण चुकलं तर पुन्हा दळायचं. शिकणारा चुकणारच, काका. अठरा तासांनी चूक कळली तर पोरगी दमून सोडून देईल. तासाभरात कळली तर लगेच दुरुस्त करेल."

मला हे पटतं. पहिलं मशीन निवडताना लोक वेगाचे आकडे एकमेकांशी लावून बघतात. खरं मोजायचं असतं ते एवढंच, की एक चूक करून ती बघायला किती वेळ लागतो. अर्थात सगळ्याच कामाला कार्ड लागत नाही. ॲनिमेशन शिकणाऱ्याला आधी चेंडू उडवायला देतात: खाली येताना वेग वाढतो, जमिनीवर चपटा होतो, वर जाताना मंदावतो. ते साध्या मशीनवरही होतं. मॉडेलिंगची सुरुवातही होते. अडतं ते पुढं, प्रकाश आणि धुरळा आला की. ही मुलगी तिथं पोचलेली आहे, म्हणून कार्डावरचा खर्च तिच्यासाठी वाया नाही.

१२.४०. गल्लीतला एक दलाल शिडीवरून डोकं वर काढतो. त्याच्याकडे वापरलेलं ३०७० आहे, एकोणीस हजारात. नवं ३०६० साडेपंचवीसला. काकांचे डोळे लुकलुकतात. साडेसहा हजारांचा फरक म्हणजे गिरणीचा दगड टाकवून घेण्याचे कितीतरी फेरे.

तो कार्ड हातात घेतो. पंख्यांची पाती बोटानं फिरवतो, मागच्या स्क्रूंची डोकी बघतो. एका स्क्रूचं डोकं खरवडलेलं. "उघडलंय हे. मायनिंगचं असणार." सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापवलेली असली कार्डं बाजारात आली. "वेगात हे पुढं आहे, काका, खोटं नाही सांगत. पण वॉरंटी नाही. आणि याची मेमरी आठ जीबी, नव्याची बारा."

मुलगी विचारते, बारा कशाला? तो सांगतो, देखाव्यातली सगळी मॉडेल्स, त्यांच्यावर चढवलेली चित्रं, हे सगळं कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. मावलं नाही तर रेंडर अडतं किंवा रखडतं. कार्ड मंद असेल तर थोडं थांबावं लागतं. मेमरी कमी असेल तर देखावाच छाटावा लागतो. दलाल शिडी उतरून जातो.

१.१५. हिशेब. शेठ वर येतात, कॅल्क्युलेटर घेऊन. पहिला आकडा ७४,१००. काका काहीच बोलत नाहीत, पाकीट दोन्ही हातांनी धरून बसतात.

मग काटछाट. मदरबोर्ड बी-५५० होता, त्याऐवजी बी-४५०, २,४०० वाचले. हा जुना बोर्ड. त्यात नवा प्रोसेसर ओळखणारं बायोस आहे का, हे बघावं लागतं. तो गोडाऊनला फोन करून खोक्यावरचा स्टिकर वाचून घेतो. एसएसडी एक टीबीऐवजी ५०० जीबी, आणखी २,१०० कमी. दुसरी नंतर लावता येईल. शेठ रॅम निम्मी करायला सुचवतात. तो नको म्हणतो. एका बाजूला ब्लेंडर, एका बाजूला शिकवणीचा व्हिडिओ, मागं चित्रकलेचं क्रिटा, एवढं उघडं ठेवून ही काम करणार. बत्तीसच राहू द्या.

शेवटची यादी अशी. रायझन ५ ५६०० प्रोसेसर १०,८००. बोर्ड ६,३००. बत्तीस जीबी रॅम ६,२००. एसएसडी ३,३००. कार्ड २५,५००. पॉवर सप्लाय ४,३००. समोर जाळी असलेलं कॅबिनेट ३,४००. चोवीस इंची आयपीएस मॉनिटर ८,९००. नंबरपॅडवाला कीबोर्ड आणि तीन बटणांचा माउस ९००. बेरीज ६९,६००, जीएसटी धरून. जोडणावळ शेठ घेत नाहीत. त्याचे दीडशे मात्र पगारात चढणार.

"यूपीएस?" शेठ विचारतात.

तो मान हलवतो. "महाडला घ्या, काका. आत बॅटरी असते, जड आहे. बिघडला तर तिथल्या तिथं बदलून मिळेल. फक्त सहाशेवाला घेऊ नका, हजार व्हीएचा घ्या. आणि वीज चमकायला लागली की प्लग काढून ठेवायचा." शेठची तेवढी विक्री गेली, पण तेही कोकणातला पाऊस जाणून आहेत. पाच हजार आणखी लागणार हे काकांच्या लक्षात येतं. ते बोटांवर काहीतरी मोजतात. पेन टॅब्लेटचा विषय मुलगी स्वतःच दिवाळीवर ढकलते.

२.०५. डबा. भाकरी, सुकट, कांदा. बापलेक खाली जाऊन वडापाव खाऊन येतात. मला मुंबईतल्याच फिल्म्स डिव्हिजनची आठवण होते. डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये तिथल्या कार्टून विभागात शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर तिथं तयार झाले. तेव्हा चित्र हलवायचं तर कॅमेरा, सेल्युलॉइड, रंग, सगळं सरकारी. घरी नेता येण्यासारखं काहीच नव्हतं.

२.४०. हमाल खोकी आणतो. गोडाऊन दोन गल्ल्या पलीकडं. डोक्यावर मॉनिटर आणि कॅबिनेट, वर प्लास्टिक. दोन खेपा, चाळीस रुपये.

आता टेबलावर फक्त तो. आधी तो कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावतो, अंगातली वीज उतरवायला. बोर्ड रबरी मॅटवर. प्रोसेसरच्या मागं तेराशेहून जास्त सोन्याच्या मुलाम्याच्या पिना, केसासारख्या. एक वाकली की दहा हजार गेले. एका कोपऱ्यावर लहान सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणावर आणायचा. दाबायचं नाही. तो चिप नुसती ठेवतो आणि ती आपल्या वजनानं बसते. मग दांडी खाली.

पंखा बसवायच्या आधी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. पट्ट्यांचे स्क्रू निघाले की बोर्डामागची लोखंडी पाटी सुटून पडते. म्हणून डाव्या तळव्यानं ती खालून धरायची आणि उजव्या हातानं पंख्याचे चार स्प्रिंगचे स्क्रू फिरवायचे. एक इकडचा, मग त्याच्या तिरक्या समोरचा. थोडा हा, थोडा तो. एकच एकदम आवळला तर पंखा तिरका बसतो आणि चिप एका बाजूनं तापते. मुलगी मोबाइल धरून हे शूट करते. तो काही बोलत नाही, पण हात जरा हळू चालवतो.

रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एसएसडीचा स्क्रू तिळाएवढा. तो ड्रायव्हरच्या चुंबकाला चिकटवून नेतो. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये. सर्वांत किचकट म्हणजे समोरच्या बटणाच्या तारा. चार-पाच बारीक टोकं, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पिनांवर. चिमटा आणि मोबाइलचा टॉर्च. केबल मागं नेऊन झिप टाय, टोकं कापलेली. मागची बाजू कुणी बघणार नसतं. तरी तो तीनदा सोडून पुन्हा बांधतो.

४.००. पहिल्यांदा सुरू. पंखे फिरतात, स्क्रीनवर बोर्डाचं चिन्ह. तो लगेच बायोसमध्ये जातो. ३२०० ची रॅम २६६६ वर चालतेय. एक सेटिंग बदलून ती ३२०० वर आणतो. अनेकांच्या घरी हे वर्षानुवर्षं तसंच राहतं.

विंडोज? अस्सल परवाना घ्यायचा तर बजेट पुन्हा फुटतं, आणि चोरीचं तो टाकत नाही. "क्लासमध्ये ब्लेंडरच ना? मग लिनक्स टाकतो." मुलगी बिचकते. तो सांगतो, मोठ्या व्हीएफएक्स स्टुडिओंमध्येही लिनक्सच चालतं. पेन ड्राइव्हवरून मिंट चढतं, कार्डाचा ड्रायव्हर चढतो, मग ब्लेंडर.

ब्लेंडर फुकट आहे, यामागं माणसं आहेत. ज्या कंपनीकडे त्याचे हक्क होते ती बंद पडली. टॉन रुझेनडाल यांनी २००२ मध्ये लोकांना हाक दिली आणि सात आठवड्यांत एक लाख युरो जमले. ते देऊन प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला. त्यावर बनलेल्या 'फ्लो' या ॲनिमेशनपटाला पुढं २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. ज्यांनी वर्गणी भरली त्यांच्यामुळे आज या बिलात सॉफ्टवेअरपुढं शून्य आहे, आणि त्यांचे आभार मानायला मला संकोच वाटत नाही.

एक खूण उरली. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये ऑप्टिक्स निवडून कार्डावर टिक करायची. ती राहिली तर साडेपंचवीस हजारांचं कार्ड नुसतं बसून राहतं. गिरणीची फाइल उघडते. रेंडर. दीड मिनिट. नवी लहान पुली दिसते.

४.४०. तो मशीन बंद करतो आणि कार्ड काढतो. काका दचकतात.

"मुंबई-गोवा महामार्ग, काका." एवढंच पुरतं. २०११ पासून काम चाललेला रस्ता. एक किलोचं कार्ड आडवं लटकलेलं असतं. खड्ड्याखड्ड्याला खाचेवर ताण. ते आपल्या खोक्यातच जाणार आणि घरी गेल्यावर मुलीनं बसवायचं. "आत्ता बसव. माझ्यासमोर."

ती हात पुसते, पत्र्याला लावते. कार्ड खाचेवर धरते, पण दाबायला घाबरते. "दाब. दोन्ही टोकांना सारखं. टिक् वाजायला पाहिजे." वाजत नाही. पुन्हा. मागची पट्टी पत्र्याला अडली होती, ती सरळ करते. टिक्. दोन स्क्रू. मग आठ पिनांची केबल. मग तो सांगतो, मॉनिटरची वायर या कार्डालाच, वर बोर्डाला एचडीएमआयचं भोक आहे त्याला नाही, या प्रोसेसरात चित्र काढायची सोयच नाही. तो त्या भोकावर चिकटपट्टी लावतो. मग तिला सगळं पुन्हा काढायला लावतो. आणि पुन्हा बसवायला.

५.२०. पॅकिंग. सुटे स्क्रू लहान पिशवीत, पिशवी मॅन्युअलला टेप केलेली. खोक्यांवर प्लास्टिक, वर सुतळी, धरायला गाठ. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. काका पैसे मोजतात, शेठ मोजतात. चारशे परत. शेठ चहा मागवतात.

५.५०. टॅक्सी. एसटीचं आगार जवळ आहे, मीटरचे कमीतकमी २८, सामानाचे वर वीस. तो सोबत जातो, गरज नसताना. एसटीत मुलीचं तिकीट अर्धं, मार्च २०२३ पासूनची सवलत. सामानाचं वेगळं. कॅबिनेट मागच्या सीटपाशी, कार्डाचं खोकं मुलीच्या मांडीवर. "कुठले तुम्ही?" काका आत्ता विचारतात. "चिपळूण." "म्हणजे आमच्याच वाटेवरचे. या मग, गणपतीत जाताना उतरा."

६.३०. दुकानात दोघं थांबलेले. एकाला रंगीत दिव्यांचे पंखे हवेत, गेमिंगचं मशीन. त्याला तीन पंखे, दोन हजार. दुसऱ्याचा प्रिंटर. दोन्ही कामं भरभर होतात. साडेसातला तो पोटमाळा झाडतो. झिप टायची टोकं, फोमचे तुकडे, प्लास्टिक. रिकामी खोकी भंगारवाला किलोवर नेतो.

८.२०. शटर खाली. मुंबई सेंट्रलपर्यंत पाऊस जोरात.

९.०५. विरार फास्ट, अंधेरी सोडलेली. पाऊच पोटाशी. फोन वाजतो. काका. वडखळला गाडी थांबली आहे, माणसं चढतायत, कंडक्टर म्हणतो मधलं सामान सरकवा.

"खोकं आडवं केलं तर चालेल का, भाऊ?"

"कॅबिनेट आडवं चालेल. मॉनिटर मात्र उभाच ठेवा, काका. आणि त्यावर कुणाला टेकू देऊ नका."

"पोरीनं तो आधीच सीटवर ठेवलाय. ती उभी आहे."

"तिला बसायला सांगा. दोन सीटच्या मधे उभा बसतो तो. मापानं बघा, बसेल."

पलीकडून काका कुणाला तरी पाय काढायला सांगतात.

"बसला," ते म्हणतात.